दोन भोवऱ्यांचा विग

मी मिरजेत लेडीज टेलर आहे. बावीस वर्षं ब्लाउज शिवतोय. माप, अस्तर, टाका यांबद्दल मला थोडंफार कळतं, म्हणून हे लिहायला बसलो. वस्तू माझ्या लेकीसाठी घेतलेली आहे: खऱ्या केसांचा, मापावर बनवून घेतलेला विग. किंमत 38,000 रुपये. जुलै 2024 मध्ये हातात आला, म्हणजे वापराला दीड वर्ष झालं. लेक आता दहावीत आहे. हे सगळं तिनं वाचलंय, दोन ठिकाणी काट मारली आणि बाकीचं राहू द्या म्हणाली.

दुकान पुण्यात, लक्ष्मी रोडच्या मागच्या बाजूला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. एक काका आणि त्यांची सून मिळून चालवतात. नाव मी देत नाही, कारण काकांनीच नको म्हणून सांगितलं. ते एका वेळी एकच गिऱ्हाईक घेतात, जिन्यात दोन माणसं समोरासमोर येऊ नयेत अशा वेळा देतात, आणि गर्दी झाली तर हे जमणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते पटलं. पण तिथं काय बघितलं ते सांगतो. ज्यांना कुठंही विग करून घ्यायचा आहे त्यांना काय विचारायचं, काय तपासायचं, हे तरी कळेल.

आधी आम्ही तिथपर्यंत कसे पोचलो ते सांगायला पाहिजे.

2023 च्या पावसाळ्यात एका रविवारी बायको पोरीच्या डोक्याला तेल लावत होती. उजव्या कानामागं रुपयाएवढी गुळगुळीत जागा लागली. खाज नाही, कोंडा नाही, दुखणं नाही. आमच्या न्हाव्यानं बघितलं आणि म्हणाला, चाई पडलीय. मग गल्लीतल्या प्रत्येकानं औषध सांगितलं. किडा केस खातोय, कांदा चोळा. लसूण चोळा. गुंज उगाळून लावा. मी लसूण चोळला. जोरात चोळला, कारण लवकर बरं व्हावं असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिथं पाण्याचे फोड आले. पोरगी काही बोलली नाही, नुसती उशीवर कान टेकवून झोपायची बंद झाली. गुंजेची बी विषारी असते हे मला नंतर कळलं. ती लावली नाही एवढं नशीब.

किडा वगैरे काही नसतो. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघून आम्हाला समजावलं. याला अलोपेशिया एरियाटा म्हणतात. शरीराची रोगाशी लढणारी फौज असते, ती चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. मूळ मरत नाही, काम थांबवतं. म्हणून केस परत येऊ शकतात, आणि म्हणूनच कधी येतील हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. चकतीच्या कडेला काही तुटके केस होते, वर जाड आणि मुळाशी बारीक, उद्गारचिन्हासारखे. ते दिसले की रोग अजून पसरतोय असं समजायचं. मग डॉक्टरांनी तिची नखं बघितली. त्यांवर बारीक बारीक खळगे होते, अगदी माझ्या अंगुस्तानावर असतात तसे. रोज ते अंगुस्तान बोटात घालणारा मी, पण पोरीच्या नखांकडं माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. हाही त्याच रोगाचा भाग.

शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. बऱ्याच जणांचं एकदोन चकत्यांवर भागतं आणि वर्षभरात केस परत येतात. हा संसर्ग नाही. कंगवा वापरला, टोपी घातली, शेजारी बसलं म्हणून लागत नाही. लहान मुलांच्या डोक्यावर बुरशीनंही चट्टे पडतात, ते मात्र लागतात, आणि ते औषधानं बरे होतात. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. आम्ही दोन महिने लसणात घालवले.

चकत्यांमध्ये इंजेक्शनं झाली, दर महिना-सव्वा महिन्यानं. दिवाळीपर्यंत तीन चकत्यांच्या सात झाल्या, आणि 2024 च्या शिमग्याला डोक्यावर काही राहिलं नाही. भुवयाही गेल्या. तेव्हा ती आठवीत होती.

माझं स्वतःचं टक्कल पस्तिशीत पडलं. कुणी एक शब्द बोललं नाही, माझा धंदा थांबला नाही, मला कुणी तेल सुचवलं नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या बायका मात्र तिला बघून मला रोज काहीतरी सांगायच्या. "माझेही बाळंतपणात असेच गेले होते, आले की परत." ते खरं असतं. बाळंतपणानंतर, डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर दोनतीन महिन्यांनी केस मुठीनं गळतात आणि पुढं सहाएक महिन्यांत भरून येतात. पण तो प्रकार निराळा. पोरीला ते ऐकून वाटायचं, सगळ्यांचे आले, माझेच का येत नाहीत? माझंच काहीतरी चुकतंय. तिनं शाम्पू बदलला, अंडं खाल्लं, रात्री जागणं बंद केलं, आणि काही झालं नाही की स्वतःवर चिडायची. चांगल्या मनानं सांगितलेल्या गोष्टीनं एवढं लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि घरात माझी आई. ती नातीकडं बघेचना. जेवायला वाढायची, पण नजर ताटावर. मला राग यायचा. एकदा रात्री तिनंच सांगितलं. तिच्या लहानपणी वाड्यात एक म्हातारी होती, लाल अलवणातली, डोकं बोडकं केलेली. सकाळी ती समोर आली की बायका वाट बदलायच्या, आणि आईलाही तसंच शिकवलं होतं. पोरीचं डोकं बघितलं की तीच म्हातारी दिसते, म्हणाली, आणि रडली. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून मुंबईच्या न्हाव्यांनी 1890 च्या सुमाराला संप केला होता, हे आपण शाळेत शिकतो. पण भीती अजून आमच्या स्वयंपाकघरात होती. बाईच्या केसांशी आपण काय काय बांधून ठेवलंय ते मला त्या रात्री कळलं.

पहिला विग मी मोबाइलवरून मागवला. 2,800 रुपये, कृत्रिम केसांचा, एकच माप सगळ्यांना. कोणत्या कंपनीचा ते सोडून देऊ. धागा नायलॉनसारखा चमकत होता, मानेवर महिन्याभरात त्याच्या गाठी झाल्या, आत जाळीची शिवण उघडीच ठेवलेली. टाळूवर केस नसले की प्रत्येक टाका टोचतो, आणि अस्तर न लावलेली शिवण म्हणजे दिवसभर काथ्या घासल्यासारखं. क्लिपा होत्या, पण त्या अडकवायला मुळात केस हवेत ना! स्कूटरवरून उतरताना हेल्मेटबरोबर तो निघून आला, शाळेच्या फाटकात. त्यानंतर नऊ दिवस ती शाळेत गेली नाही.

पुण्याचा पत्ता आमच्या डॉक्टरांकडच्या नर्सबाईंनी दिला. कॅन्सरच्या औषधांनी केस गेलेल्या त्यांच्या बहिणीनं तिथून विग केला होता. तिचे केस पुढं परत आले, त्या औषधांनंतर ते बहुधा येतातच, पण मधलं वर्ष तो विग होता. मे महिन्यात सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं आम्ही दोघं निघालो. पोरगी खिडकीशी, डोक्याला स्कार्फ, सबंध प्रवासात एक शब्द नाही.

दुकान म्हणजे एक खोली. रस्त्याकडं काचेचं कपाट नाही, पुतळ्यांची मुंडकी मांडलेली नाहीत. भिंतीवर आरसा होता आणि आरशावर परकराच्या कापडाचा पडदा. काकांनी पडदा तसाच ठेवला. पोरीसमोर स्टूल ओढून बसले आणि तिलाच विचारलं, "बाळ, विग तुला हवाय की घरच्यांना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. मी थांबलो.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शाळेत हवाय. घरी नको."

"बरं. मग शाळेपुरता करू. आठ तास बसेल असा." आणि वहीत तसं लिहून घेतलं.

दहा महिन्यांत मी तिला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. गिऱ्हाईक बाई नवऱ्याबरोबर आली तरी गळा किती खोल हवा ते मी बाईलाच विचारतो. आणि इथं घरच्या पोरीला विचारायचं राहिलं.

आता मापं. टेपनं सहा घेतली: डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कान कपाळावरून, कानापासून कान टाळूवरून, कानशिलापासून कानशील मागून, आणि मानेची रुंदी. घेर साडेएकवीस इंच. नुसत्या टेपवर ते थांबले नाहीत. डब्यावर लावतात तसला पातळ प्लास्टिकचा कागद डोक्याला गुंडाळला, त्यावर चिकटपट्टीचे आडवेउभे थर दिले, आणि वर मार्करनं कपाळाची केसांची रेघ काढली. ते सगळं अलगद उचललं की डोक्याचा साचा तयार. आमच्याकडं पेपर कटिंग असतं तसंच हे. जिथं हा साचा घेत नाहीत आणि एस, एम, एल असं विचारतात, तिथं 38,000 देऊ नका.

पाचवीतला एक फोटो आम्ही नेला होता, त्यावरून कपाळाची रेघ आणि भांग ठरला. मग सूनबाईंनी विचारलं, "भोवरा कुठं होता हिला?" मला माहीत नव्हतं. बायकोला फोन लावला, तो आईनं उचलला. मी विचारलं तशी ताबडतोब म्हणाली, "दोन आहेत की! एक मधोमध, एक डावीकडं जरा खाली. बारशाच्या आधी मीच तेल लावत होते. दोन नवरे करणार म्हणून हसलो होतो आम्ही." फोन स्पीकरवर होता. पोरगी हसली. त्या खोलीत ती पहिल्यांदा हसली. नंतर तिनंच सांगितलं, आरशावरचा पडदा काढा.

केस कोणते वापरतात तेही मी खोदून विचारलं. तिरुपतीला देवाला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो, त्यातला माल व्यापाऱ्यांमार्फत येतो. चांगल्या मालात सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला ठेवलेली असतात. त्याला रेमी म्हणतात. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, ते उलटसुलट झाले की एकमेकांत अडकून गुंता होतो. मला हे पटकन समजलं. मखमलीचा ब्लाउज कापताना लव एकाच दिशेला ठेवावी लागते, नाहीतर पाठ एका रंगाची आणि बाही दुसऱ्या रंगाची दिसते. रंगाच्या बटांचा जुडगा होता, त्यातून तपकिरीकडं झुकणारा काळा निवडला. निव्वळ काळा घेतला असता तर लगेच ओळखू आला असता.

कामाची पाहणी मी परत येऊन माझ्या दुकानातल्या दिव्याखाली, भिंग लावून केली. पुढच्या कडेला पातळ लेस, तिच्यावर एकेक केस आकड्याच्या सुईनं गाठवलेला. मागं जाताना दोन-दोन केस. टाळूला बारीक जाळी, तिच्यातून खालची कातडी दिसते, म्हणून भांग खरा वाटतो. कानशिलांजवळ आणि मानेवर गुळगुळीत पट्टी, तिच्यावर दुहेरी चिकटपट्टी लावायची, क्लिपा नाहीत. आत सगळ्या शिवणी मऊ कापडानं झाकलेल्या. आणि दोन भोवरे. मधोमध एक, डावीकडं जरा खाली एक, दोन्ही ठिकाणी केस गोल फिरवून गाठवलेले. त्यापायी काम बारा दिवस लांबलं. मी फोनवर चिडलो होतो. विग उलटा धरून ते भोवरे बघितल्यावर त्यांना पुन्हा फोन केला आणि माफी मागितली. काकांचे वडील नाटक कंपन्यांसाठी टोप बनवायचे. तो हात अजून टिकून आहे. आई विग हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे गंगावनच की हे. माझ्या लग्नात मलाही होतं."

उणिवा सांगतो, कारण सगळं गोड नाही.

एप्रिल-मेमध्ये चिकटपट्टी चार तासांच्या पुढं टिकत नाही. घाम आला की मानेवरची पट्टी आधी सुटते. आठ तासांचा शब्द आमच्या हवेत फक्त थंडीत खरा ठरला. काकांनी दुसऱ्या जातीची पट्टी पाठवली, तिनं कानामागं लाल चट्टे उठले. शेवटी मधल्या सुट्टीत पट्टी बदलायची सवय करावी लागली. डाव्या कानाजवळची पट्टी ताठ राहावी म्हणून आत बारीक तार घातलेली असते, तिचं टोक दोन महिन्यांत टोचायला लागलं. मी सुती कापडाचा तुकडा लावून ते झाकलं. हे त्यांनी आधीच करायला हवं होतं. भांगात गाठी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या, त्या दुसऱ्या फेरीत फिक्या करून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो. सल्फेट नसलेला शाम्पू, कोमट पाणी, चोळायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून स्टँडवर ठेवायचा. वाळायला पावसाळ्यात दीड दिवस जातो, म्हणून शनिवारी संध्याकाळी धुतो. वर्षभरात उन्हानं रंग लालसर झाला. विगच्या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, त्यामुळं टोकं कोरडी पडतात. दुरुस्ती आणि रंग मिळून 2,500 रुपये लागले. आणखी सहा महिने चालेल असं मला वाटतं. अस्तराच्या ब्लाउजची माझी शिलाई 350 रुपये आहे, म्हणजे हा विग एकशे नऊ ब्लाउजांचा झाला. मला तो महाग पडला आणि तरी मी पुन्हा असाच करून घेईन. पण ज्याला हप्त्यानंही शक्य नाही त्यानं कर्ज काढू नये. सुती स्कार्फ सुंदर बांधता येतो, सूनबाईंनी तोही पोरीला शिकवला, फुकट. भुवयांची पेन्सिल कशी धरायची, एकेक केस काढल्यासारखी बारीक रेघ कशी ओढायची, तेही अर्धा तास बसून दाखवलं.

त्यांनीच आम्हाला शाळेबद्दल सांगितलं. वर्गशिक्षिकांना आधी भेटा, मुलीला बरोबर न्या, काय सांगायचं ते तिला ठरवू द्या. तिनं ठरवलं की खेळाच्या तासाला स्कार्फ, बाकी वेळ विग, आणि कुणी विचारलं तर ती स्वतः सांगेल, बाईंनी सांगायचं नाही. बाईंनी तसंच केलं. 2025 च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातली बातमी टीव्हीवर आली. बोंडगाव आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस तीनचार दिवसांत गळून गेले होते. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासून सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आहे आणि लोकांच्या रक्तात जस्त कमी पडलंय. वर्गात एका पोरानं हिला विचारलं, "तुमच्याकडं पण तोच गहू आहे काय?" घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडणार. ती म्हणाली, "मी त्याला सांगितलं, ते खाण्यातनं झालं, त्यांचे परत येतील. माझं शरीर माझ्याच केसांशी भांडतंय. ते वेगळं." मग जेवायला बसली.

उपचार चालू आहेत. या रोगावर आता शरीराची ती चुकलेली फौज आवरणाऱ्या, जॅक इनहिबिटर नावाच्या गोळ्या आहेत. अमेरिकेत 2022 मध्ये मोठ्यांसाठी आणि 2023 मध्ये बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी अशा गोळ्यांना मान्यता मिळाली. क्षयाची आणि कावीळ विषाणूंची तपासणी करून, रक्त वेळोवेळी बघून डॉक्टर देतात. बंद केल्या की केस पुन्हा जाऊ शकतात, हेही त्यांनी आधीच सांगितलं. पोरीच्या उजव्या बाजूला हल्ली पांढरट लव आली आहे. आम्ही त्या लवेबद्दल रोज बोलत नाही, तसं पोरीनंच ठरवून दिलंय.

घरी आली की विग स्टँडवर जातो. स्टँड माझ्या शिलाई मशीनशेजारी असतो. ती उघड्या डोक्यानं बसून ब्लाउजांना हूक लावते, गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही. रविवारी आई तिला पाटावर बसवून टाळूला खोबरेल लावते. केसांसाठी नाही. कातडी कोरडी पडते म्हणून, असं आई म्हणते. बोटं डावीकडच्या भोवऱ्याच्या जागी आली की जरा वेळ तिथंच फिरतात.

कुणाला जायचं झालं तर एवढंच सांगतो. ज्याच्या डोक्यावर विग बसायचा आहे त्याला बरोबर न्या, फोटो पाठवून काम करू नका. आधीचा एखादा फोटो न्या, भोवरा घरात विचारून ठेवा. आणि दुसरी ट्रायल चुकवू नका. बसभाडं वाचेल म्हणून आम्ही ती टाळणार होतो. गेलो, तेव्हा डाव्या कानाकडं अर्धा इंच जास्त निघाला.